कवडशातल्या पेशी

"हलू नका हं ताई, मोजतेय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी श्वासच रोखून धरला. हनुवटी स्टँडवर, कपाळ वरच्या पट्टीला टेकलेलं, खोलीत अंधार, आणि समोरून उजेडाची एक बारीक फट माझ्या उजव्या डोळ्यात शिरलेली, ती इतकी टोचत होती की चांगल्या डाव्या डोळ्यातूनपण पाणी गळायला लागलं. मॅडम तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या, सोळा, सतरा, अठरा... मग थोडं थांबून परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा मोजायला लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माझ्या डोळ्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतायत.

माझं रोजचं काम हेच आहे. तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमधे गेली १९ वर्षं मी पांढऱ्या पेशी मोजते. जांभळ्या टोपणाचा बल्ब म्हणजे रक्ताची नळी, काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब, दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो एका झटक्यात ओढायचा, जिभेच्या आकाराची स्मिअर आली पाहिजे, वाळली की लीशमनचा स्टेन म्हणजे रंग, धुवायची, परत वाळवायची, मग तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली एकेक पेशी ओळखत शंभर पूर्ण करायच्या. न्यूट्रोफिल म्हणजे जांभळा केंद्रक तीन-चार तुकड्यांचा, मधे बारीक दोऱ्यांनी जोडलेला. लिम्फोसाइट गोल, गडद, भोवती निळसर पातळ किनार. इओसिनोफिलमधे नारिंगी दाणे ठासून भरलेले, तो तर शिकाऊ मुलींनाही पहिल्या दिवशी ओळखता येतो. आता मशीन आहे, तीन-चारशे सॅम्पल मशीनच करतं, पण मशीननं शंका काढली की स्लाइड माझ्याकडेच येते. आणि इतक्या वर्षांत मी बघितलेली प्रत्येक पेशी मेलेली, रंगवलेली, काचेला चिकटलेली. जिवंत माणसाच्या आत, सुई न टोचता, पेशी फिरताना दिसतात आणि त्या मोजता येतात हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

झालं होतं असं की २०२३ चा पावसाळा होता आणि सगळीकडे डोळे आले होते, शाळा, एसटी, बाजार, जिकडे बघाल तिकडे काळे गॉगल. माझा उजवा डोळा लाल झाला तेव्हा मला वाटलं आपलीपण पाळी आली. मेडिकलमधून ड्रॉप आणला, चार दिवस घातला. खरं तर मला पहिल्याच सकाळी कळायला हवं होतं, कारण डोळे आले की पापण्या चिकटतात, कोमट पाण्यानं पुसल्याशिवाय उघडत नाहीत, माझ्या डोळ्यात तर चिपडंच नव्हती. नुसती लाली, तीपण बुबुळाच्या भोवती गोल कड्यासारखी, आत खोल ठणका, आणि ट्यूबलाइट लागली की डोळा मिटून घ्यावासा वाटायचा. पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावता येईना तेव्हा गेले.

मॅडमनी मोजणं संपवलं आणि असिस्टंटला सांगितलं, "राइट आय, सेल्स टू प्लस, फ्लेअर आहे." मग मला म्हणाल्या, आयरायटिस आहे, बुबुळातल्या रंगीत पडद्याला सूज आलीय. मी लॅबमधे काम करते असं कळल्यावर त्यांनी कॅमेरा जोडून स्क्रीनवर दाखवलं, आणि मी ते अजून विसरलेली नाही.

माझ्या आजोळी कौलारू घर होतं, माजघरात दिवसाही अंधार, आणि कौलातल्या फटीतून दुपारी एक कवडसा जमिनीवर पडायचा. त्या कवडशात धूळ तरंगताना दिसायची, कवडशाच्या बाहेर काहीच नाही, आत मात्र कण चमकत वरखाली. माझ्या डोळ्याच्या आत अगदी तसंच होतं. अंधारात उजेडाची तिरपी पट्टी, पट्टीत धुरकट पांढुरकेपणा, आणि त्यात बारीक चमकते ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पांढरी पेशी. ते ठिपके सावकाश हलत होते, बुबुळाच्या रंगीत पडद्याजवळचे वर चढत होते आणि पुढच्या काचेजवळचे खाली उतरत होते, कारण पडद्याजवळचं पाणी शरीराच्या उबेनं गरम असतं आणि पुढचं पाणी बाहेरच्या हवेनं जरा गार, चुलीवरच्या पातेल्यात पाणी फिरतं तसं ते डोळ्यात सतत फिरत असतं. आणि तो धुरकटपणा, मॅडम ज्याला फ्लेअर म्हणाल्या तो, म्हणजे सुजलेल्या रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं प्रोटीन, नाहीतर ते पाणी काचेसारखं स्वच्छ असतं.

मोजायची पद्धतही मी विचारून घेतली, धंद्याची सवय. उजेडाची पट्टी एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटर करायची आणि त्या चौकोनात किती पेशी दिसतात ते मोजायचं. सहा ते पंधरा असल्या तर वन प्लस, सोळा ते पंचवीस टू प्लस, सव्वीस ते पन्नास थ्री प्लस, पन्नासच्या वर फोर प्लस. जगभरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेली आणि २००५ मधे छापून आलेली ही पद्धत आहे. "आणि नॉर्मल किती?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एकही नाही."

हा आकडा मला फार लागला. आमच्याकडे एक मायक्रोलिटर रक्तात चार हजार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी म्हणजे नॉर्मल. एखाद्याचा काउंट हजाराच्या खाली आला तर आम्ही रिपोर्टची वाट बघत नाही, डॉक्टरांना थेट फोन करतो. शून्य हा आमच्यासाठी सगळ्यात भीतीदायक आकडा. आणि इथे डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, जेमतेम पाव मिली पाणी मावेल एवढ्या जागेत, शून्य म्हणजे तब्येत उत्तम. पेशी त्याच, रक्तातून तिथं गेलेल्या. फक्त जागा बदलली. आमच्या रिपोर्टमधे कुठली पेशी आणि किती एवढे दोनच रकाने असतात, कुठे याचा रकानाच नाही, आणि डोळ्याचं सगळं गणित त्या तिसऱ्या रकान्यातच आहे असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं.

मग सहा महिने मी तेच वाचत होते. रात्री जेवणं उरकली की मोबाइलवर, डोळ्याला त्रास होतो म्हणून ब्राइटनेस कमी करून.

बाहेरून सुरुवात केली तर पापणीच्या कडेला सगळं आपल्या ओळखीचंच आहे. रांजणवाडी झाली की पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत जंतू शिरतात, न्यूट्रोफिल धावून येतात, पू होतो, फुटतो, बरं होतं. तिथं लढाई चालते कारण तिथं दिसण्याचं काम नाही. मग अश्रू. अलेक्झांडर फ्लेमिंगनं पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मधे लायसोझाइमबद्दल लिहिलं, जंतूंचं कवच विरघळवणारा पदार्थ, आणि तो तपासायला त्याला अश्रू लागायचे म्हणून स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्याजवळ लिंबाची साल पिळून तो अश्रू गोळा करायचा. अश्रुग्रंथीत प्लाझ्मा पेशी बसलेल्या असतात, त्या आयजीए नावाच्या अँटिबॉडी बनवून अश्रूत सोडत राहतात. आणि रात्रीची गोष्ट तर मला फारच आवडली. आपण झोपलो, पापण्या मिटल्या, की बाहेरच्या पृष्ठभागावर न्यूट्रोफिल मोठ्या संख्येनं येतात, रात्रभर बंद पापणीखाली राखण करतात आणि सकाळी डोळा उघडला की अश्रूंबरोबर वाहून जातात. सकाळी तोंड धुताना डोळ्याच्या कोपऱ्यातून आपण जे काढून टाकतो त्यात त्यापण असतात. मी लहानपणापासून आरशासमोर उभी राहून रोज त्या पुसत आले आणि मला पत्ता नव्हता.

त्याच्या आत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण, कंजंक्टायव्हा. इथे गर्दी आहे. वरच्या थरात टी लिम्फोसाइट म्हणजे टी पेशी, बहुतेक सीडी८ जातीच्या, त्याच्या खाली आणखी लिम्फोसाइट, जंतू गिळणारे मॅक्रोफेज, आणि मास्ट पेशी, ज्यांना पॉल एर्लिखनं १८७८ मधे नाव दिलं, पोटभर खाऊन गच्च भरल्यासारख्या दिसतात म्हणून. परागकण किंवा धूळ लागली की या फुटतात, हिस्टामिन सोडतात, आणि मग ती खाज, ते चोळणं. आपल्याकडे उन्हाळ्यात लहान मुलांचे, जास्त करून मुलग्यांचे, डोळे खाजून खाजून तपकिरी झालेले असतात ना, व्हर्नल म्हणतात त्याला, त्यात बुबुळाच्या कडेला खडूच्या टिकल्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात आणि त्या ठिपक्यांत माझे नारिंगी दाण्यांचे इओसिनोफिल भरलेले असतात. एरवी निरोगी डोळ्याच्या त्या वरच्या थरात इओसिनोफिल नसतोच.

आणि मग कॉर्निया, बुबुळाच्या पुढची काच. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी, एकही रक्तवाहिनी नाही, कारण रक्तवाहिनी आली की अपारदर्शकपणा आला. बरीच वर्षं असं मानत होते की या काचेच्या मधोमध राखणदार पेशी नसतातच, फक्त कडेला असतात. आता जिवंत डोळा पेशीच्या पातळीवर दाखवणारे कॉन्फोकल मायक्रोस्कोप आले, त्यात दिसलं की मधेही डेंड्रिटिक पेशी आहेत पण विरळ, आणि कडेला त्यांच्या दोन-तीन पट, जास्त मोठ्या, जास्त फांद्या फुटलेल्या. डेंड्रिटिक पेशी स्वतः लढत नाही, ती परका दिसला की त्याचा तुकडा उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन टी पेशींना दाखवते. मधल्या भागात तिच्या फांद्या आखूड असतात किंवा नसतातच. मेलबर्नच्या संशोधकांनी तर २०२३ मधे दाखवलं की ज्या बिनफांद्यांच्या पेशींना आपण कोवळ्या डेंड्रिटिक समजत होतो त्यातल्या बऱ्याच टी पेशी आहेत, निरोगी माणसाच्या कॉर्नियात गस्त घालत फिरणाऱ्या. एकाच जागेचे फोटो थोड्या थोड्या वेळानं काढून त्यांनी ते पकडलं. एकच फोटो बघून ओळखता आलं नसतं, आमच्या स्लाइडसारखंच, थांबलेली पेशी काय काम करते ते सांगत नाही.

काचेच्या आत तो पाण्याचा कप्पा, जिथं शून्य पाहिजे. इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळले. पीटर मेडावर, दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याची कातडी का टिकत नाही हे शोधत होते, त्यांनी १९४८ मधे एक पेपर लिहिला. एका सशाची कातडी दुसऱ्या सशाच्या अंगावर लावली तर शरीर ती टाकून देतं, पण तोच तुकडा डोळ्याच्या या पुढच्या कप्प्यात ठेवला तर रक्तवाहिन्या त्याच्यात शिरेपर्यंत तरी तो टिकून राहू शकतो. १९६० मधे त्यांना नोबेल मिळालं. आधी लोकांना वाटायचं की डोळा बंद डबा आहे, आतलं बाहेर कळत नाही म्हणून शांतता. नंतरच्या लोकांनी दाखवलं की डोळा ही शांतता स्वतः राखतो, रोज, मेहनतीनं. त्या पाण्यात टीजीएफ-बीटासारखे पदार्थ असतात जे टी पेशींचा आवेश उतरवतात. आतल्या भिंतींवरच्या पेशी फास लिगंड नावाचा रेणू धरून उभ्या असतात, चवताळलेली पेशी आत आली की तिला मरण्याचा निरोप मिळतो. आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की डोळ्यातली परकी गोष्ट घेऊन निघालेल्या पेशी प्लीहेत जातात आणि तिथं लढा असं न सांगता सोसा असं शिकवून येतात.

मला वाचताना सारखी बाळंतिणीची खोली आठवत होती. घरात माणसं भरपूर असतात, पण त्या खोलीत जायचं तर पाय धुवून, चपला बाहेर, आवाज खाली, हातातलं काम ठेवून, आणि लगेच निघायचं. ज्या पेशी आत राहतात त्यापण तशाच आहेत. रंगीत पडद्यात आणि त्याच्या मागच्या भागात मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशींचं जाळं आहे, पण शांत. सगळ्यात मागे कोरॉइड, भरपूर रक्ताचा थर, तिथं मॅक्रोफेजही आहेत आणि मास्ट पेशीही. पण कोरॉइड आणि डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, यांच्यामधे पेशींची एक भिंत आहे, शेजारच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या की रक्तातल्या पेशीला सहजासहजी पलीकडे जाता येत नाही.

रेटिनात लिम्फोसाइट नाही, न्यूट्रोफिल नाही. तिथं मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी, ज्या १९१९ मधे स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगानं मेंदूत ओळखल्या. त्या आपण आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असताना पोषकपिशवीतून निघतात आणि तिथं जाऊन बसतात. जिथं चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या दोन थरांत त्यांची वस्ती असते आणि लांब बारीक फांद्या सतत हलवत त्या आजूबाजूला चाचपत असतात, जागा न सोडता. प्रकाश पकडणाऱ्या पेशींच्या थरात त्या एरवी जात नाहीत. तिथं त्या दिसल्या तर समजायचं काहीतरी बिनसलंय. परत तेच, कुठे.

या शांततेची किंमत काय असते ते मात्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, १८१२ मधे, वडिलांच्या कारखान्यात खेळत होता, वडील घोड्याचं खोगीर-लगाम बनवायचे, आणि चामड्याला भोकं पाडायची आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली. एक डोळा गेला. पण पाच वर्षांचा होईपर्यंत दुसरा, ज्याला काहीच लागलं नव्हतं, तोही गेला. अनेक डॉक्टरांना वाटतं की तो सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया असावा. डोळ्याच्या आतल्या काही गोष्टी शरीराच्या टी पेशींनी कधी नीट बघितलेल्याच नसतात, एका डोळ्याला भोक पडलं की त्या बाहेर येतात, टी पेशींना त्या परक्या वाटतात, आणि मग त्या शोधत शोधत दुसऱ्या, धड असलेल्या डोळ्यावर जातात. आपल्याच माणसाला अनोळखी समजून. पंधराव्या वर्षी, १८२४ मधे, त्या मुलानं ठिपक्यांची लिपी बनवली.

हे सगळं मला जवळचं वाटायचं आणखी एक कारण म्हणजे माझी आत्या. उसाच्या फडात पाला काढताना तिच्या डाव्या डोळ्याला पात लागलं होतं, दहा-बारा वर्षांपूर्वी. उसाचं पात म्हणजे करवतच, आणि त्यावर बुरशी. तिनं आठ दिवस अंगावर काढलं, "काय न्हाई गं, कुसळ गेलंय" म्हणत. मी गेले तेव्हा बुबुळावर पांढरा चट्टा होता आणि बुबुळाच्या आत, खालच्या बाजूला, पांढरी सपाट रेघ साचलेली, पाणी संथ झाल्यावर गाळ बसतो तशी. मला ते बघताक्षणी बफी कोट आठवला. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधे फिरवली की खाली लाल, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधे पांढऱ्या पेशींचा पातळ थर बसतो, तो रोज बघते मी. आत्याच्या डोळ्यात त्याच पेशी इतक्या आल्या होत्या की तळाला थर झाला होता. बुरशी मारायला आल्या आणि येताना त्यांची सगळी हत्यारं घेऊन आल्या, कोलॅजन विरघळवणारी रसायनं, आणि बुरशीबरोबर ती काचपण विरघळायला लागली. बुरशीवरच्या नॅटामायसिनचे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा. डोळा वाचला पण फूल पडलं, बरोबर मधोमध, त्या डोळ्यानं तिला फक्त उजेड आणि सावली कळायची.

पुढं दोन वर्षांनी तिचं बुबुळ, म्हणजे ती पुढची काच, बदललं. कोणाचं ते आम्हाला कधीच कळणार नाही. एवढं माहितीय की कोणाच्या तरी घरी माणूस गेलं, आणि त्या घरच्यांनी रडता रडता पंखा बंद केला असेल, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवला असेल, डोक्याखाली उशी दिली असेल, फोन केला असेल, कारण सहा तासांच्या आत काढावं लागतं. दात्याचं रक्त तपासतात, एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस. पण किडनीला करतात तसं टिश्यू मॅचिंग साधारणपणे करत नाहीत. मला लॅबवालीला हे खरंच वाटेना. मग वाचलं की पहिलं यशस्वी बुबुळरोपण एडुआर्ड झिर्म या डॉक्टरनं ७ डिसेंबर १९०५ ला केलं, आत्ताच्या चेक देशात, चुन्यानं डोळे भाजलेल्या अलॉइस ग्लोगार नावाच्या मजुराचं, आणि बुबुळ होतं एका ११ वर्षांच्या अनोळखी मुलाचं ज्याचा डोळा लोखंड लागून काढावा लागला होता. पहिली यशस्वी किडनी त्यानंतर ४९ वर्षांनी, १९५४ मधे, आणि तीही जुळ्या भावाची जुळ्या भावाला. डोळ्यानं परक्याला ४९ वर्षं आधी जागा दिली, कारण तिथल्या पेशी कमी होत्या, कडेला होत्या आणि दमानं घेणाऱ्या होत्या.

पण आत्याच्या बुबुळात एका बाजूनं रक्तवाहिन्या शिरल्या होत्या, बुरशीच्या वेळच्या. आणि टाक्यांपैकी एक टाका सैल झाला. केसापेक्षा बारीक नायलॉनचे १६ टाके असतात, त्यातला एक. चार वर्षं सगळं नीट होतं, मग एका लगीनसराईत तिचा डोळा लाल झाला आणि घरात कार्य आहे म्हणून ती तीन दिवस गप्प बसली. चौथ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी मला बोलवून दाखवलं, स्लिट लॅम्पच्या त्या कवडशात नवीन बुबुळाच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांची एक वाकडी रेघ होती, कडेच्या त्या रक्तवाहिन्यांपासून निघून मधाकडे सरकत आलेली. रेघेच्या मागचा भाग धुक्यासारखा, पुढचा अजून स्वच्छ. खोदादूस्त लाइन म्हणतात, इराणच्या अली खोदादूस्त यांच्या नावावरून, त्यांनी १९६९ च्या सुमारास ती वर्णन केली. ती रेघ म्हणजे लिम्फोसाइट, हे मला नंतर वाचताना कळलं. ओळीनं पुढं सरकत वाटेतल्या पेशी मारत जातात, आणि बुबुळाच्या त्या आतल्या थरातल्या पेशी माणसात परत वाढत नाहीत, गेल्या त्या गेल्या. माझी गोल, गडद, निळसर किनारीची पेशी, जिला मी दिवसातून शेकडो वेळा "लिम्फो" म्हणत बटण दाबते, ती माझ्या आत्याचा डोळा खात होती, आणि तिच्या दृष्टीनं ती अगदी बरोबर काम करत होती.

दर तासाला स्टेरॉइडचे थेंब. मी रजा काढून तिच्याकडे राहिले, रात्री अलार्म लावून उठायचे. बाटली आधी हलवायची, औषध तळाला बसतं, न हलवता घातलं तर नुसतं पाणी जातं, हे मी घरातल्या प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं. आत्या उठून बसायची, मान मागं, मी खालची पापणी ओढून थेंब सोडायचे, ती म्हणायची, "झोप आता बाय, तुला सकाळी तपासायला लोकांचं रगत येतंय." दहाव्या दिवशी रेघ थांबली. बाराव्या दिवशी पुसट झाली. खालचा एक तुकडा कायमचा धुरकट राहिला, पण मधला भाग वाचला.

म्हणून माझ्या स्वतःच्या डोळ्याला जेव्हा तसेच थेंब लिहून दिले तेव्हा मी एकही चुकवला नाही. बाहुली मोठी करायचा ड्रॉपपण होता, नाहीतर सुजलेला रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटून बसतो. माझा दोन ठिकाणी चिकटलाच होता, त्या चार दिवसांत, एक सुटला, एक अजून तसाच आहे, आरशात नीट बघितलं तर बाहुलीचा गोल एका जागी किंचित ओढलेला दिसतो. छातीचा एक्सरे झाला, मॅन्टू झाली, कारण आपल्याकडे टीबी आधी बघावाच लागतो. मग एचएलए-बी२७ नावाची जनुकाची तपासणी, ती पॉझिटिव्ह आली, आणि तीन वर्षं सकाळी उठताना कंबर धरून बसते ती का, याचंही उत्तर त्यातच मिळालं. मणक्याच्या त्या दुखण्यात, अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात त्याला, साधारण चारातल्या एकाचा डोळा कधी ना कधी सुजतो. स्टेरॉइडनं डोळ्याचं प्रेशर वाढतं म्हणून तेही दर वेळी मोजतात.

आता लॅबमधे स्लाइड लावली की एखाद्या पेशीपाशी मी जरा थांबते. ही कुठे निघाली होती, असं मनात येतं. दंडातल्या शिरेतून मी तिला वाटेतच उचलून आणलेलं असतं, ती पापणीत जाणार होती की सांध्यात की आतड्यात, ते तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं. नव्या मुलीला शिकवतानापण मी हे सांगते, ती वहीत लिहून घेते.

आत्याला अजून रोज एक थेंब असतो, जन्मभराचा. रात्री नऊला मी फोन करते.

"घातला का थेंब?"

"घातला."

"बाटली हलवलेली?"

"हलवली गं."

"लाल आहे का? उजेड टोचतोय?"

"न्हाई. संध्याकाळी गोधडीची सुई ओवली मी, याच डोळ्यानं. आनि तुझा?"

"परवा मॅडमनी मोजलं. दोन दिसले."

"दोन म्हंजे काय, थोडंच की."

"थोडंच, पण तिथं एकपण नको असतो आत्या."

"मग फोन ठेव आनि आधी तुझा थेंब घाल जा."